पुण्याला नंतर जा, आधी बार्शी गाठा

वाचकांचे प्रश्न

या वेळी गाण्याबजावण्याचीच पत्रं जास्त आलीत, त्यामुळे बाकीच्यांनी थोडं थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही पाच जण आहोत, विजापूर रोडला एकाच्या गच्चीवर प्रॅक्टिस करतो. स्वतःची आठ-नऊ मराठी गाणी तयार आहेत. सोलापुरात आपली गाणी कोण ऐकणार असं सगळे म्हणतात म्हणून पुणे-मुंबईला शो करावेत असा विचार आहे, पण गाडी, राहणं, जेवण धरलं की आकडा बघूनच घाम फुटतो. स्वस्तात टूर होते का?

उत्तर : होते की. पण आत्ता पुण्याला गेलात तर काय होईल ते आधी ऐका. अडीचशे किलोमीटर जाणार, कॅफेवाला पहिलाच प्रश्न विचारणार की माणसं किती आणणार, तुमच्या ओळखीचे तिथं कोण तर शिकायला गेलेले दहा-बारा सोलापूरकर, ते येणार, ओरडणार, फोटो काढणार, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात तुम्हाला कुत्रं ओळखणार नाही. एवढ्या पैशात इथं जवळ चार शो होतात.

नकाशा उघडा. तुळजापूर ४५ किलोमीटर, धाराशिव, बार्शी, पंढरपूर सत्तरच्या आसपास, विजयपूर शंभर, कलबुर्गी त्याच्या जरा पुढं, लातूर सव्वाशे धरा. यातल्या बहुतेक गावांना दुपारी निघून, शो करून, रात्री उशिरा का होईना घरी येता येतं. लॉज नाही, दोन वेळचं बाहेरचं जेवण नाही. बँडचा पैसा गिटारच्या तारांवर जात नाही हो, तो राहण्यावर आणि गाडीवर जातो.

हे मी काही नवीन सांगत नाही. तमाशाचे फड हेच करत आलेत. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं तिथं येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, मग आजचं गाव आणि उद्याचं गाव जवळ पडेल अशा तारखा लावल्या की ट्रकचं डिझेल वाचतं. आणि एकदा जमलं की पुढच्या वर्षी त्याच यात्रेला पुन्हा. तुम्ही पोरं नेमकी इथं चुकता, एका गावात एक शो केला, तीसच माणसं आली, की म्हणता इथं स्कोप नाही, चला दुसरीकडं. अरे त्या तीस जणांना गाणं आवडलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी परत जा, ते मित्रांना घेऊन येतील. वर्षात बारा गावं करण्यापेक्षा चार गावं तीन-तीनदा करा. बार्शीला कोण ऐकणार असं म्हणणाऱ्याला सांगा की शाहीर अमर शेख बार्शीचेच.

जागा कुठली? मोठं थिएटर सध्या डोक्यातून काढा, हुतात्मा स्मृती मंदिर रिकामं दिसलं की तुमचाच आवाज बसेल. वाचनालयाचा हॉल, रविवारी बंद असलेला क्लासचा हॉल, कॉलेजचं गॅदरिंग, नवीन निघालेले कॅफे. आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागात हुरडा पार्ट्या असतात, शेतावर बाहेरून आलेली कुटुंबं असतात, हुरडा-चटणी खाऊन झाली की संध्याकाळी करायचं काय हा शेतवाल्यालाच प्रश्न असतो, तिथं दोन गिटार, एक काहोन (वर बसून हातानं वाजवायची लाकडी पेटी), एक छोटा स्पीकर घेऊन बसा, जेवण फुकट आणि वर पैसे. ऐकणारे पुण्या-मुंबईचे पण असतात, म्हणजे पुणं तुमच्याकडं आलं. घरगुती मैफल हा तर आपला जुनाच प्रकार आहे, कोणाच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं, चहा यजमानांचा, दाराशी क्यूआर कोड. त्या पंचवीस जणांना तुमचे शब्द नीट ऐकू येतात, कॅफेत मिक्सरच्या आवाजात येत नाहीत.

आता सामान. अख्खा ड्रमसेट घेऊन फिरू नका. प्रत्येक गावात एखादा बँड, ऑर्केस्ट्रावाला नाहीतर चर्चमध्ये वाजवणारा कोणीतरी असतो, त्याचा सेट आणि ॲम्प वापरायला मागा, तुम्ही फक्त स्नेअर (सेटमधला समोरचा छोटा ड्रम), झांजा आणि पेडल न्या, कारण फुटतं-तुटतं ते हेच आणि ते कोणी उसनं देत पण नाही. बदल्यात तो बँड सोलापूरला आला की तुमचा सेट त्यांचा, राहायला तुमचं घर, आणि शोला तुमची माणसं. ही अदलाबदल जमली ना की निम्मी टूर जमली, कारण त्या गावातली गर्दी जमवायचं काम तिथल्या बँडनं केलेलं असतं.

हिशोब आधीच बोला. समजा दीडशे रुपये तिकीट, चाळीस माणसं, सहा हजार झाले. त्यात साऊंडवाल्याचे दोन हजार, उरलेले दोन्ही बँडमध्ये निम्मे-निम्मे, म्हणजे तुमच्या हातात दोन हजार, येण्याजाण्याचा खर्च त्यात बसला तर शो यशस्वी. पहिल्या वर्षी खिशातून गेलं नाही एवढंच बघा. कॅफेवाला "एक्सपोजर मिळेल" म्हणाला तर निदान पाच जणांचं जेवण तरी लिहून घ्या.

आणि शो संपल्यावर लगेच सामान आवरायला पळू नका, एकानं वही घेऊन दाराशी उभं राहायचं, नाव, नंबर, गाव. व्हॉट्सॲपवर गावाप्रमाणे ब्रॉडकास्ट लिस्ट करा, फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, म्हणून तिथल्या तिथं सेव्ह करायला लावा. इन्स्टाला हजार फॉलोअर असतील पण लातूरला कोण राहतं ते तुम्हाला कुठं माहितीये?

पुण्याला जाल तेव्हा सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी. परतीची हुतात्मा मात्र संध्याकाळीच निघते, ती शोच्या दिवशी मिळायची नाही, मग मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस उत्तररात्री पुण्यात पकडायची आणि सकाळी घरी. स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट आहे, सेकंड सीटिंगला ३५, पाच जणांत गिटार, कीबोर्ड, पेडल आरामात बसतं.

प्रश्न : गणपतीत मंडळवाले बोलावतात, पैसे पण बरे देतात, पण सगळी सिनेमाचीच गाणी पाहिजेत त्यांना. नाही म्हणावं का?

उत्तर : नाही कशाला म्हणताय? सुपारी घ्या, त्या पैशात एक गाणं नीट रेकॉर्ड करा. मध्ये आपली दोन गाणी घुसवा, पण सगळ्यात शेवटी नको, तेव्हा लोक उठलेले असतात. मात्र मंडळापुढची गर्दी आपली समजू नका, ती बाप्पाची आहे.

प्रश्न : मी कीबोर्ड वाजवते, बँडमध्ये एकटीच मुलगी. बाहेरगावच्या शोला घरचे नाही म्हणतात, रात्रीचा प्रवास म्हणून. बँडवाले म्हणतात तुझ्यामुळं तारखा अडतात.

उत्तर : ताई, तारखा तुझ्यामुळं अडत नाहीत, शो रात्रीच पाहिजे या हट्टामुळं अडतात. रविवारी दुपारी चारचा शो लावायला सांग. छोट्या गावात दुपारचा शो उलट जास्त चालतो, तुझ्यासारख्याच मुली, त्यांच्या आया, लहान पोरं, सगळे येऊ शकतात, आणि हीच माणसं पुढच्या वेळी अख्खं घर घेऊन येतात. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पहिल्या शोला आईलाच सोबत ने. आईनं एकदा टाळ्या ऐकल्या की पुढचं बोलणं सोपं जातं. कलबुर्गीला जाताना मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, तेवढं लक्षात ठेव.

प्रश्न : परवानगीचं काय असतं? पोलीस येऊन बंद करतात म्हणे.

उत्तर : उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या, आयत्या वेळी नको. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर चालत नाही, सणासुदीचे काही ठरावीक दिवस सोडले तर. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, ड्रमसेटनं ती केव्हाच ओलांडली जाते, म्हणून गच्चीवरचा शो करायचाच तर काहोनवर करा. दुसऱ्यांची गाणी तिकीट लावून गाणार असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन लागतं, ते काम कोणाचं, तुमचं का आयोजकाचं, हे आधी विचारून घ्या. स्वतःची गाणी असतील तर तुम्हीच आयपीआरएसचे सभासद व्हा की.

प्रश्न : आमच्यात तिघांच्या घरी तेलुगू बोलतात, एकाच्या घरी कन्नड. गाणी मराठीतच ठेवावीत का?

उत्तर : सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात राहून हा प्रश्न विचारताय बे? दोन तेलुगू, एक कन्नड गाणं ठेवा. विजयपूर, कलबुर्गी आणि पुढं हैदराबाद, तिन्हीकडं दार उघडतं, पुण्यातल्या बँडकडं ही सोय नाही. फक्त शब्द घरातल्या मोठ्या माणसाकडून तपासून घ्या, इथली तेलुगू आणि हैदराबादची तेलुगू यात फरक आहे, आणि तिथले लोक लगेच हसतात.

प्रश्न : टी-शर्ट छापावेत का? सगळे बँड विकतात.

उत्तर : टी-शर्टमध्ये साईझ अडकतात, एक्सएल संपतात आणि स्मॉल घरात पडून राहतात. सोलापूरचे आहात ना, टॉवेल करा. नॅपकिनच्या साईझचा, कोपऱ्यात बँडचं नाव. विणून घ्यायचं तर कारखानदार जास्त नगांची ऑर्डर मागेल, म्हणून सुरुवातीला साध्या नॅपकिनवर मशीन एम्ब्रॉयडरी करून घ्या, पन्नासेक नग. शोमध्ये घाम पुसायला तोच खांद्यावर टाका, वेगळी जाहिरात लागत नाही. पांढरा रंग घेऊ नका, दुसऱ्याच शोपर्यंत मळतो.