वाचक विचारतात : ड्रेन, काखेतलं पाणी आणि न सुकणारी जखम

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेतून येणाऱ्या पाण्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे थोडक्यात देत आहोत. उत्तरं सविस्तर आहेत, कारण यातलं बरंचसं काम घरच्यांनाच करावं लागतं.

प्रश्न : आईचं स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याचं ऑपरेशन होऊन 16 दिवस झाले. पाणी बाहेर काढणारी नळी (ड्रेन) अजून तशीच आहे, रोज 60 ते 70 मिली पाणी येतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची नळी आठव्या दिवशी निघाली. आईचं काही बिघडलंय का? (जालना)

उत्तर : बहुधा काही बिघडलेलं नाही. काखेतल्या लसग्रंथी काढताना त्यांना जोडलेल्या बारीक लसवाहिन्याही कापल्या जातात. त्यांची तोंडं मिटेपर्यंत लस (शरीरातला पाण्यासारखा द्रव) पाझरत राहते आणि कातडी व स्नायू यांच्यामध्ये साचते. नळी तीच लस बाहेरच्या बाटलीत ओढते, त्यामुळे कातडी खालच्या थराला चिकटायला मदत होते. अंगाने स्थूल असणं, काखेतल्या जास्त ग्रंथी काढलेल्या असणं, अशा कारणांनी हे दिवस लांबतात. दोन पेशंटची तुलना करून हाती काही लागत नाही. आईच्या स्वतःच्या आकड्यांची चाल पाहा : 120, 90, 70 असा उतार असेल तर सगळं ठीक चाललंय.

24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी पाणी, तेही लागोपाठ दोन दिवस, असं झालं की साधारणपणे नळी काढतात. मात्र नळी जितके दिवस आत, तितका तिच्या कडेने जंतू शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून तीन आठवडे होत आले की पाणी जास्त असलं तरी सर्जनना एकदा दाखवाच. काढायची की ठेवायची, हा हिशोब त्यांनी करायचा.

माप रोज ठरलेल्या वेळी घ्या आणि वहीत तारीख, मिली, रंग असं लिहा. दोन नळ्या असतील तर दोन रकाने करा, बेरीज करू नका. घडीची, दाबून बसवायची बाटली असेल तर क्रम असा : साबणाने हात धुवा, नळीवरची क्लिप बंद करा, बूच उघडून पाणी मापाच्या कपात ओता, बाटली पूर्ण दाबा, दाबलेली असतानाच बूच लावा आणि मग क्लिप उघडा. ही शेवटची पायरी हमखास राहून जाते. रात्री बाटली कोरडी दिसली की घरचे खूश होतात आणि सकाळी काख फुगलेली असते. अचानक पाणी बंद झालं तर आधी क्लिप बघा, मग नळीला कुठे मुरड पडलीय का ते बघा, मग आत रक्ताची गुठळी अडकलीय का ते. गुठळीसाठी कातडीजवळ नळी एका हाताने घट्ट धरा, म्हणजे टाक्याला ओढ बसत नाही. दुसऱ्या हाताची बोटं सॅनिटायझरने ओली करून नळी चिमटीत दाबत बाटलीकडे सरकवा. बाटली रिकामी आणि नळीभोवतीची पट्टी मात्र चिंब, म्हणजे नळी तुंबलीय. बाटली दाबून ठेवल्यावर लगेच फुगत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. या दोन्हींसाठी दवाखान्यात जावं लागेल.

रंग पहिले दोन दिवस लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर पारदर्शक होतो. पिवळ्यावरून पुन्हा लालभडक झालं, किंवा तासाभरात बाटली ताज्या रक्ताने भरली, तर तेव्हाच निघा. गढूळ किंवा वास येणारं पाणी असेल तर त्याच दिवशी फोन करा.

हात अजिबात न हलवणं चूक आणि कपडे वाळत घालणंही चूक. मूठ, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. दंड खांद्याच्या रेषेवर नेणारे व्यायाम सहसा नळी निघाल्यावरच सुरू करतात, कारण आधी घाई केली की पाणी वाढतं.

प्रश्न : नळी काढल्यावर पत्नीच्या काखेखाली पाण्याने भरल्यासारखा फुगवटा आला. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा सुईने पाणी काढलं, पुन्हा भरलं. आता वरची कातडी लाल झालीय. शेकलं तर चालेल का? (चिपळूण)

उत्तर : शेकू नका. ऑपरेशनमध्ये कातडीच्या नसा कापल्या गेल्यामुळे तिथे बधिरपणा असतो, भाजलेलं कळतच नाही.

नळी काढल्यावर पाणी भरणं नेहमीचं आहे. फुगवटा लहान असेल, दुखत नसेल, तर तो काही आठवड्यांत आपोआप जिरतो. ताण बसून दुखत असेल किंवा टाक्यांवर दाब येत असेल तरच सुईने काढतात, कारण प्रत्येक टोचण्याबरोबर जंतू आत जायची वाट उघडते. म्हणून 'थोडं भरलंय, काढून टाकू' असं वरचेवर करू नये.

तुम्ही लिहिलेली लाली मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ काढा आणि वेळ लिहा. रेघेबाहेर लाली गेली, जागा गरम लागते, ठणका आहे, ताप आहे, यातलं काहीही असेल तर उद्यावर टाकू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा, किंवा निदान फोनवर फोटो दाखवून त्यांचा सल्ला घ्या. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी आतल्या पाण्याचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला सांगा. त्याचा अहवाल साधारण दोन-तीन दिवसांत येतो आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. आधीच गोळ्या घेतल्या असतील तर जंतू उगवतच नाहीत आणि सगळा अंदाजाचा कारभार होतो. आत पू साचलेला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

प्रश्न : सासूबाई म्हणतात जखमेवर हळद लावा, डाळ-अंडी-भात बंद करा, पू धरतो. डॉक्टर म्हणतात भरपूर खा. कुणाचं ऐकायचं? (सांगली)

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, पण इथे डॉक्टरांचं ऐका. डाळ किंवा अंड्याने पू होत नाही, पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात : वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम. 55 किलोच्या बाईला 66 ते 82 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात 6-7, कपभर दुधात 6-7, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 आणि तेवढ्याच शिजवलेल्या चिकनमध्ये 25च्या आसपास. म्हणजे दोन भाकऱ्या आणि पालेभाजी एवढ्यावर हा आकडा गाठला जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हळद, खोबरेल, कडुलिंबाचा लेप उघड्या जखमेत घालू नका. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण आत अडकतात आणि पिवळ्या रंगामुळे पू आहे की नाही हेच कळेनासं होतं. जेवणात हळद खुशाल घाला.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारावीच लागते : मिश्री. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीच्या कडा काळ्या पडतात. 'मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते' हे आम्ही वारंवार ऐकतो. मिश्रीतही तंबाखूच असते. ऑपरेशनच्या आधीपासून ती बंद व्हायला हवी. मधुमेह असेल तर साखर 180च्या खाली राहील असं बघा, नाहीतर पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत.

प्रश्न : पू झाल्यामुळे टाके उघडले, आता खोल खड्डा आहे. घरी ड्रेसिंग कसं करायचं? वासही येतो. (नागपूर)

उत्तर : पहिली दोन-तीन ड्रेसिंग नर्ससमोर करा, मग घरी. प्राथमिक आरोग्य केंद्रातही सोय होऊ शकते, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी 30 ते 45 मिनिटं आधी घ्या, मात्र त्याआधी ताप मोजा.

जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवून सोडवा. धुवायला 0.9 टक्के निर्जंतुक सलाइन वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा घरातलं जंतुनाशक द्रावण रोज ओतलं तर नवी कोवळी लाल कातडीही जळते. सलाइनने ओली केलेली गॉज (जाळीदार पट्टी) पिळून खड्ड्यात हलक्या हाताने ठेवा. ठासून भरली की आतून रक्तपुरवठा दबतो. एकच लांब पट्टी वापरा आणि तिचं शेपूट बाहेर ठेवा. तुकडे वापरले तर किती घातले ते लिहून ठेवा आणि काढताना मोजा. आत राहून गेलेला गॉजचा तुकडा हे जखम न भरण्याचं अगदी खरं कारण असतं.

कडेची कातडी सतत ओली राहून पांढरी, सुरकुतलेली होते आणि मग फाटते. तिथे झिंक ऑक्साइडचा पातळ थर लावा, जखमेच्या आत नाही. पट्टी कडेपर्यंत ओली झाली की वेळेची वाट न बघता बदला. वास वाढला, किंवा तळाशी काळा-राखाडी थर दिसला, तर तो मेलेला भाग सर्जननी काढावा लागतो.

केमो सुरू असेल तर हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा : ताप 100.4 फॅरनहाइट (38 सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त आला की रात्र असो वा सण, आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, सरळ इस्पितळात जायचं. लागलं तर 108ला फोन करा. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात जखमेत पू दिसतही नाही, कारण पू बनायला त्याच पेशी लागतात. नुसता ताप आणि किंचित लाली एवढंच दिसतं. पोचल्यावर 'केमो चालू आहे, ताप आहे' हे पहिलं वाक्य असू द्या, म्हणजे अँटिबायोटिक तासाभरात सुरू होईल.

प्रश्न : ऑपरेशनला चार महिने झाले. टाक्याच्या रेषेत एक छिद्र आहे, थोडं पाणी येतं, सुकतं, पुन्हा येतं. तीन वेळा अँटिबायोटिकचे कोर्स झाले. (पुणे)

उत्तर : चौथा कोर्स घेऊ नका, आधी मूळ कारण शोधा. आत न विरघळणारा टाका किंवा कापसाचा धागा राहिलाय का, हे सोनोग्राफीने बघता येतं. नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच न उगवता जखम महिनोन्महिने झरत असेल तर क्षयाचा किंवा त्याच्या जातकुळीतल्या इतर मायकोबॅक्टेरियांचा संसर्ग असू शकतो. त्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत. त्यासाठी वेगळी चाचणी लागते, म्हणून पाणी किंवा कडेचा तुकडा पाठवताना प्रयोगशाळेच्या फॉर्मवर 'एएफबी कल्चर' (क्षयाच्या जातकुळीतले जंतू वाढवून बघणं) आणि 'जीनएक्सपर्ट' (क्षयाचा जंतू जनुकांवरून ओळखणारी चाचणी) दोन्ही लिहायला सांगा. तुकड्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन) बायोप्सीसाठी आणि दुसरा फक्त सलाइनमध्ये कल्चरसाठी, असे दोन डबे करा. फॉर्मालिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून जंतू उगवत नाहीत. बायोप्सी यासाठी की त्या जागी कर्करोग पुन्हा आलेला नाही ना, याची खात्री व्हावी. त्या जागी रेडिएशन झालं असेल तर तेही फॉर्मवर लिहा, कारण रेडिएशन दिलेली कातडी फार हळू भरते आणि अहवाल वाचणाऱ्याला ते माहीत असायला हवं.