डॅलसचा पत्ता आणि मिरजेचं न्हाणीघर

"ताई, आम्ही डॅलसला राहायला गेलो तर सिटिझनशिप लवकर होईल का?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकायला मिळतो. शहराचं नाव तेवढं बदलतं, या वेळी टेक्सासमधलं डॅलस होतं. कुणाच्या मावसभावाचं तिकडे चार महिन्यांत झालेलं असतं, आणि आपला अर्ज मात्र इथे पडून आहे असं वाटत राहतं. मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसाठी समुपदेशन करते. कायद्याचं काही निघालं की त्यांना इमिग्रेशन वकिलाकडे किंवा सरकारमान्य प्रतिनिधीकडे पाठवते. ज्या बाईची गोष्ट सांगते आहे तिची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

गेल्या नोव्हेंबरात ती आणि तिचा नवरा आले. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. एक्सेलची छापील शीट. डावीकडे शहरं, उजवीकडे महिने, आणि डॅलसच्या ओळीवर पिवळा मार्कर इतक्यांदा फिरवलेला की तिथला कागद पातळ झाला होता. दोघांना ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं होत आली तेव्हा, म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत, त्यांनी एन-४००, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, भरला होता. बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, झालं आणि त्यानंतर सामसूम. नवऱ्याचं काम घरूनच चालतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सामान बांधलं की झालं.

आधी सरळ उत्तर देते, कारण लोक त्यासाठीच येतात. अर्ज इमिग्रेशन खात्याच्या वेगवेगळ्या फील्ड ऑफिसांकडे जातात आणि त्यांचा वेग सारखा नसतो, हे खरं. पण खात्याच्या साइटवर जो आकडा दिसतो तो मागे वळून पाहिलेला असतो: गेल्या सहा महिन्यांत निकाली निघालेल्या अर्जांपैकी ८० टक्के किती वेळात संपले, एवढंच तो सांगतो. तुमचा अर्ज कधी संपेल हे त्यात नसतं. अर्ज भरल्यावर तुम्ही राज्य बदललंत तर १० दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो, मग फाइल नव्या ऑफिसकडे जाते. तिथल्या रांगेत ती कुठे उभी राहील ते कुणी लिहून देत नाही. इंटरव्ह्यूची तारीख लागलेली असेल तर तीही हातची जाऊ शकते. माझ्या माहितीतलं एक जोडपं असंच घाईने गेलं आणि फाइल कुठे आहे हे शोधण्यातच त्यांचे पाच महिने गेले.

"मग हा अर्ज मागे घेऊन तिकडून नवा भरला तर?" नवरा म्हणाला. म्हणजे आधी त्या राज्यात तीन महिने राहायचं. प्रत्येकी ७१० डॉलर पुन्हा भरायचे, कारण जुने परत मिळत नाहीत. शिवाय २० ऑक्टोबर २०२५पासून भरलेल्या अर्जांना नवी नागरिकशास्त्राची परीक्षा आहे. आधी १०० प्रश्नांच्या यादीतले १० विचारत आणि सहा बरोबर आले की पुरे. आता यादी १२८ची, विचारतात २० पर्यंत आणि बरोबर यावे लागतात १२. अभ्यास अवघड नाही, पण हातातलं सोडून तिकडे कशाला जायचं?

मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "माझा चुलतभाऊ आहे तिकडे. नुसता पत्ता दाखवला तर?"

इथे मी कधीच सबुरीने बोलत नाही. इंटरव्ह्यूची सुरुवातच उजवा हात वर करून शपथ घेण्याने होते. लायसन्स, टॅक्स रिटर्न, घराचा करार, मुलीची शाळा सगळं इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनचं आणि पत्ता डॅलसचा, हे शपथेवर खोटं बोलणं आहे. काही महिने वाचवायला गेलात आणि वीस वर्षांची मेहनत घालवून बसलात, असं होईल. तो गप्प झाला. चांगला माणूस आहे, बायकोची तगमग बघवत नव्हती म्हणून सुचलं त्याला.

ती या सगळ्यात काहीच बोलली नव्हती. समोरच्या चहावर साय धरली होती. मी विचारलं, "तुला नेमकी कशाची घाई आहे गं?"

तेव्हा तिच्या बाबांचा विषय निघाला. मिरजेत एकटे, वय ७८, आई चार वर्षांपूर्वी गेली. दसऱ्यानंतर ते न्हाणीघरात घसरले. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, मनगटाला प्लास्टर घातलं. हिला कळलं तीन दिवसांनी, तेही बाबांनी सांगितलं म्हणून नाही. व्हिडिओ कॉलवर ते फोन डाव्या हातात धरून बोलत होते, उजवा हात चौकटीबाहेर. चष्मा घ्यायला वळले तेव्हा पांढरं प्लास्टर क्षणभर दिसलं. "काही नाही गं, जरा लचकलंय," म्हणाले.

ग्रीन कार्डवर आई-वडिलांना कायमचं बोलावता येत नाही, त्यासाठी सिटिझन व्हावं लागतं. म्हणून ही शीट.

"शेवटची मिरजेला कधी गेली होतीस?"

"आईचं वर्षश्राद्ध केलं तेव्हा. तीन वर्षं झाली. अर्जाच्या आधी किंवा अर्ज चालू असताना बाहेर गेलं की केस मोडते ना?"

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. कुठल्या तरी ऐकीव गोष्टीवर ती तीन वर्षं बापाला भेटली नव्हती. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य खंडित झालं असं धरलं जाऊ शकतं, वर्षभर राहिलं तर खंडित होतंच. महिनाभराच्या फेरीने तसं होत नाही. बोलावणं आलं की हजर राहायचं आणि प्रवासाची तारीख नीट लिहून ठेवायची. दुसऱ्याच दिवशी वकिलाकडूनही तिने हे पक्कं करून घेतलं. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शपथविधीला ग्रीन कार्ड जमा करावं लागतं आणि त्या क्षणापासून भारताचा पासपोर्टही आपला राहत नाही. मग अमेरिकन पासपोर्ट काढा, भारतीय पासपोर्ट रीतसर जमा करा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा घ्या, तेव्हा कुठे विमानात बसता येतं. बाबांना भेटायचं असेल तर शपथेनंतरच्या त्या दिवसांपेक्षा आत्ताच सोपं होतं.

"आणि इकडे कायमचं यायचं का, हे बाबांना विचारलंस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. बाबांकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे, एकदा येऊनही गेले होते. पण गृहीत धरलं होतं की मुलगी बोलावेल आणि बाप येईल. आपल्याकडे हे फार होतं. प्रेमापोटीच होतं, पण म्हाताऱ्या माणसाला विचारायचं राहून जातं.

जानेवारीत ती पाच आठवडे मिरजेत राहिली. बाबांना विचारलं. ते लगेच काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी फुलं काढताना म्हणाले, "उन्हाळ्यात येईन गं. थंडीत तिकडे दार लावून बसायला नको. पण आधी मला न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवून दे." तिने ओळखीचा प्लंबर बोलावून दोन बसवले, एक नळाजवळ, एक कमोडशेजारी, आणि खाली खरखरीत फरशी घातली. शेजारच्या काकूंकडे घराची दुसरी किल्ली दिली. सकाळी दार उघडायला आणि पोळी-भाजीला येणाऱ्या बाईंचे पैसे आता ती महिन्याच्या एक तारखेला पाठवते.

तिच्या इंटरव्ह्यूचं पत्र अजून आलेलं नाही. नवऱ्याच्या डोक्यात डॅलस अजून आहे, तिकडे घरं स्वस्त पडतात म्हणतो, आणि त्या कारणासाठी ते गेले तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. मागच्या आठवड्यात तिने मला एक फोटो पाठवला. न्हाणीघरातला स्टीलचा दांडा, आणि त्यावर प्लास्टर निघालेला, जरासा सुकलेला बाबांचा उजवा हात, घट्ट धरलेला.