वजनाचा कागद आधी, टब नंतर

तुझा प्रश्न रात्री वाचला आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपले. आता पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात बसून लिहितेय. नवरा इंग्लंडात पुढे गेलाय, तू नाशिकला, नववा आठवडा, वजन ८८, उंची पाच फूट तीन इंच, आणि विचारतेस, ‘ताई, एवढ्या वजनाला तिकडे वॉटर बर्थ, म्हणजे टबातल्या पाण्यात बाळंतपण, करू देतात का? आणि तिथे एकटं वाटतं का?’ मी पंचवटीतली. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

व्हिसाचा फॉर्म, फी, सरचार्ज सगळं सरकारी साइटवर आहे, ते वाच. व्हिसासाठी लागणाऱ्या टीबीच्या तपासणीचं मात्र माझ्याकडून ऐक. बाळंतपणाआधी जायचं तर गरोदर बाईला दोन रस्ते असतात. पोटावर कवच बांधून छातीचा एक्स-रे, नाहीतर थुंकीची तपासणी. घरात सगळे म्हणाले, एक्स-रे नको. मग मी दहाव्या आठवड्यात, ओकाऱ्या चालू असताना, मुंबईला मामांकडे राहून लागोपाठ तीन दिवस सकाळी थुंकी द्यायला गेले. तिसऱ्या दिवशी थुंकीच येईना, तर समोरची बाई म्हणते, ‘जोरात खोका.’ रिपोर्टला आठ आठवडे. त्यानंतर व्हिसा. पोचले तेव्हा तेविसावा आठवडा लागला होता. एक्स-रेचं तुझ्या डॉक्टरांना विचार, मामांना नको.

या उशिराचा वॉटर बर्थशी संबंध आहे. तिथे मिडवाइफ, म्हणजे तिथली शिकलेली सुईण, पहिल्या भेटीत वजन-उंची घेते आणि त्यावरून निघणारा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, शेवटपर्यंत तुझ्या फाइलला चिकटतो. ३५ च्या वर असेल तर बऱ्याच ठिकाणी बाळंतपण डॉक्टरांच्या वॉर्डात करायचा सल्ला देतात. ३० ते ३५ मध्ये बाईगणिक विचार होतो. दिवस गेले तेव्हा मी ८६ किलो होते, म्हणजे ३४. पहिली भेट झाली चोविसाव्या आठवड्यात, काटा ९१ वर. लिहिलं ३६. अहो, त्यातलं पाच किलो बाळ आणि पाणी आहे, हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती गोड हसली आणि तिने ३६ च ठेवलं. टबवालं, मिडवाइफच चालवतात ते बर्थ सेंटर तिथेच हातचं गेलं. ते ३६ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुझा आज ३४ च्या आसपास येतो. म्हणून आत्ताच्या आत्ता तुझ्या नाशिकच्या डॉक्टरांकडून वजन, उंची, तारीख लेटरहेडवर लिहून घे, सही-शिक्क्यासह. सोनोग्राफीचे रिपोर्टही घे. तिकडे पूर्वी बीएमआय ३० च्या वर असला की पहिले बारा आठवडे फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅमचं द्यायचे, नेहमीचं ४०० मायक्रोग्रॅमचं नाही; २०२५ पासून नुसत्या वजनासाठी तसं सांगत नाहीत. तुला किती घ्यायचं, तेही याच भेटीत विचार. साखरेची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत असते, नेमकी जाण्या-पोचण्याच्या धांदलीत. ती चुकवू नकोस.

आणि ३५ ओलांडलं तरी तोंडावर ‘नाही’ म्हटलं की गप्प बसू नकोस. ‘कन्सल्टंट मिडवाइफ’ला, म्हणजे वरिष्ठ मिडवाइफला, भेटायचंय, असं सांग. त्यांची खरी काळजी असते ती तुला चटकन टबबाहेर काढता येईल का, बाळाचे खांदे अडकले किंवा रक्त जास्त गेलं तर काय, आणि ठोके नीट ऐकू येतात का. पाण्यात चालणारं बिनवायरचं मॉनिटर आहे का, हे आधीच विचार. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन, घेतलं की टब नाही; कळांसाठी श्वासातून घ्यायचा गॅस चालतो.

मला शेवटी वॉर्डातला टब मिळाला. मिडवाइफ दर तासाला थर्मामीटर बुडवून पाणी ३७.५ च्या वर नाही ना ते बघायची. आमची आजी न्हाणीत कोपर बुडवून बघायची, तेवढाच फरक. पाण्यात उतरले आणि कित्येक महिन्यांनी मला माझं वजन लागलं नाही. गुडघे, कंबर, सगळं हलकं. जड बाईलाच या पाण्याचं सुख जास्त कळतं आणि तिलाच ते नाकारतात, हे मला अजून पटत नाही. दोन तासांनी मॉनिटरवर ठोके लागेनात. पट्टा सारखा सरकत होता. बाहेर या म्हणाले. पोरगी पलंगावर झाली, ठणठणीत.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. वरणभात लावायचा, कुकरच्या शिट्टीने घर भरतं.

आईचा व्हिसा लांबला. डिंकाचे लाडू घेऊन ती आली तेव्हा पोरगी अकरा दिवसांची होती. गल्लीत सगळ्यांना तिने आधीच सांगून ठेवलेलं, आमची नात पाण्यात होणार. आल्या आल्या पिशवीही खाली न ठेवता विचारलं, ‘पाण्यातच झाली ना गं?’ मी हो म्हणाले. आता पोरगी सहा वर्षांची आहे आणि आजी तिला फोनवर सांगते, तू तर मासोळी. मी शेजारी बसून भांडी पुसते.

तुझ्या आईला आधीच काही सांगू नकोस. आणि डॉक्टरांकडे सकाळीच जा, दुपारी दवाखाना बंद असतो.