गोवा मुक्तीच्या वेळी आयएनएस म्हैसूरवर असलेल्या कोणाच्या आठवणी तुम्ही ऐकल्यात का? पोर्तुगीज जहाजाशी झालेल्या लढाईत ती होती का?

माझा आजो होता म्हैसूरवर, स्टोकर, म्हणजे बॉयलरच्या भट्ट्या सांभाळणारा. मूळ मालवणचा, रिटायर झाल्यावर वास्कोत राहिला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण 19 डिसेंबर आला की शेजारीपाजारी त्याला हेच विचारायचे आणि तो वैतागायचा. नाही, मुरगावच्या तोंडाशी अफोन्सो द अल्बुकर्कशी बेतवा आणि बियास या आपल्या फ्रिगेट, म्हणजे क्रूझरपेक्षा लहान युद्धनौका, लढल्या, ते जहाज शेवटी बांबोळीजवळ किनाऱ्याला लागलं. क्रूझर दोन होत्या, दिल्ली दीवला आणि म्हैसूर कारवारजवळ अंजदीव बेटावर, सोबत त्रिशूल ही फ्रिगेट.

म्हैसूरला लाईट क्रूझर म्हणतात, पण म्हणून ती हलकी होडी नव्हे हां. तोफ सहा इंची म्हणून लाईट, बाकी म्हैसूर जवळपास 170 मीटर लांब. आधी ती इंग्रजांची नायजेरिया, 1942 मध्ये माल्टाच्या काफिल्याबरोबर जाताना इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो खाऊनही तरलेली, 1957 ला आपल्याकडे आली.

आता आठवणी. लोकांना धूर, तोफा, झेंडा असलं काहीतरी ऐकायचं असतं आणि आजो म्हणायचा, "माका कायेक दिसाक नाय रे, मी खाली होतंय." बॉयलर रूममध्ये हवा दाबाने भरलेली असते म्हणून आत जायला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आत शिरलं की कानात दडे बसायचे. त्याचं काम स्प्रेअरचं, म्हणजे भट्टीत तेलाचा फवारा सोडायचा आणि काचेतून ज्वाळ बघत बसायचं, तेल जास्त झालं की चिमणीतून काळा धूर आणि मग वरून शिव्या. 18 तारखेला वर तोफा सुटल्या तेव्हा त्याला आवाजापेक्षा हादरा जास्त जाणवला, वरच्या पाइपांवरची धूळ मानेवर पडली, घामात चिकटली. ही मानेवरची धूळ तो दर वेळी सांगायचा, हाताने पुसून दाखवायचा.

बेटावर काय झालं ते त्याला वॉच, म्हणजे पाळी, सुटल्यावर कळलं. पांढरं निशाण दिसलं म्हणून आपली माणसं उतरली आणि त्यांच्यावर गोळीबार झाला असं आपल्याकडचे सांगतात, सात नौसैनिक गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शरणागती. त्या सातांचं स्मारक इथे वास्कोत नेव्हीच्या गोमंतक तळावर आहे. त्याबद्दल विचारलं की आजो उठून चहा ठेवायला जायचा, मी लहानपणी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

एकदा बाबा त्याला कारवारच्या पुढे घेऊन गेले, मीपण होतो. बेट आता नेव्हीच्या सीबर्ड तळात आहे, जमिनीपासून दगडी बांध घालून जोडलंय, आपल्याला तिकडे सोडत नाहीत. रस्त्यावरून लांबून दिसलं तेवढंच. आजोने हात डोळ्यांवर धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आता थय चलत जाऊक गावता." म्हणजे आता तिथे चालत जाता येतं. मग मागून ट्रकवाला हॉर्न मारायला लागला, बाबांनी गाडी काढली.