जयपूरला जा ताई, पण कार्डावर नको

ताई, प्रश्न वाचला. तुम्ही कळव्यात राहता, शाळेत शिकवता, हातात 43,000 येतात, घरखर्च जाऊन 7,000 उरतात. 23 ते 25 जानेवारी जयपूरला लेखन परिषद आहे, दोघी मैत्रिणी विमानाने चालल्यात, तुमच्या वाट्याला 37,500 येतायत आणि त्या म्हणतात कार्डावर ईएमआय करून टाक नाहीतर एफडी मोड. जाऊ का नको?

जा. अकरा वर्षं कथा लिहून वहीतच ठेवल्यात तुम्ही, आता कुठे स्वतःसाठी काही मागताय, त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण 37,500 मध्ये नाही.

खात्यात 31,000 आहेत, तोवर अजून 14,000 पडतील, झाले 45,000. पण तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की 12 जानेवारीला आईच्या मेडिक्लेमचे 18,400 भरायचेत. ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. वार्षिक हप्त्याला ग्रेस पिरियड, म्हणजे मुदत संपल्यावर हप्ता भरायला थोडे जादा दिवस, असतो पण त्या दिवसांतला क्लेम मिळत नाही, माझ्या एका क्लायंटचा हप्ता असाच नऊ दिवस राहिला आणि त्यातच आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन, सगळं बिल खिशातून भरलं. म्हणून ते 18,400 आजच बाजूला काढा. उरले 26,600, एवढ्यात बसवायचं.

आता तुमच्या यादीत 6,000 फी, संपादकासोबत कथेवर बोलायला 3,500, विमान 14,000, हॉटेल 9,000, खाणंपिणं खरेदी 5,000. मैत्रिणी म्हणतात ते 3,500 वाचव. मी उलट सांगेन, तेच ठेवा, त्यासाठीच तर चाललात! कापायचं ते विमान आणि हॉटेल. 26 जानेवारी सोमवारी आलीय, लाँग वीकेंडला भाडी चढणारच. रेल्वेने जा, जयपूर सुपरफास्टचं थर्ड एसी जाऊन-येऊन साधारण साडेतीन हजारात होतं. तिघींनी मिळून रात्रीला 2,100 ची एक खोली घेतली तर तीन रात्रींचे तुमचे 2,100. वरखर्चाला 7,000 धरले तरी 22,100 होतात आणि खात्यात साडेचार हजार राहतात.

ईएमआयचं म्हणाल तर व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, आणि एखादा हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं. 7,000 उरणाऱ्या घरात हे नको. आणि 1,20,000 ची एफडी म्हणजे तुमचा साधारण तीन महिन्यांचा घरखर्च आहे, तिला हातच लावायचा नाही.

मैत्रिणींना मोकळेपणाने सांगा, माझं बजेट 22,000 आहे. त्यांना विमानानेच जायचं असेल तर जाऊ दे, खोली तरी एकत्र घ्या म्हणावं, आणि फुकट कॅन्सल होणारीच बघा.

रेल्वेची तिकिटं 60 दिवस आधी उघडतात, म्हणजे 22 जानेवारीचं 23 नोव्हेंबरला सकाळी 8 वाजता आणि 26 च्या परतीचं 27 नोव्हेंबरला, दोन्ही दिवशी अलार्म लावा. आणि गाडी पकडायला बोरिवलीला जाऊ नका, संध्याकाळी वाटेतल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा काही भरवसा नाही, कळव्याहून लोकलने दादर आणि तिथून सरळ मुंबई सेंट्रल गाठा. स्वेटर घ्या, जानेवारीत तिथे रात्री चांगलीच थंडी असते.