फाइल-शेअरिंगचं सॉफ्टवेअर बनवणारा, लोकांनी केलेल्या कॉपीराइट-भंगाला जबाबदार असतो का?

फक्त बनवलं म्हणून नाही. पण कोणत्या हेतूने बाजारात आणलं, त्यावर बरंच ठरतं. अमेरिकेतली उदाहरणं बघा.

१९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरच्या (टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की यंत्राचा लक्षणीय कायदेशीर वापर होऊ शकत असेल तर ते फक्त विकलं म्हणून ग्राहकांच्या कॉपीराइट-भंगाची जबाबदारी येत नाही. गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याची सेवा असलेलं नॅपस्टर मात्र २००१ मध्ये अडकलं. गाण्यांची यादी त्यांच्याच सर्व्हरवर होती, म्हणजे काय चाललंय ते कळत होतं आणि थांबवताही येत होतं.

मग ग्रॉकस्टर या दुसऱ्या फाइल-शेअरिंग कंपनीने मध्यवर्ती यादीच ठेवली नाही. आता आमचा संबंध नाही, असा त्यांचा युक्तिवाद. खालच्या न्यायालयांनी तो मानलासुद्धा! २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. न्या. साउटर यांनी तंत्रापेक्षा वागणुकीवर बोट ठेवलं: नॅपस्टरच्या जुन्या ग्राहकांना ओढायचा प्रयत्न, चोरीच्या फाइली गाळायची काहीच सोय नाही, आणि वापर वाढेल तशी जाहिरातींची कमाई. लोकांना कायदा मोडायला उद्युक्त केलंत, तर जबाबदारी तुमचीही.

मला हा निकाल मनापासून पटतो, कारण त्याने पी-टू-पी तंत्रावरच (वापरकर्त्यांच्या संगणकांमध्ये थेट फाइली देण्याघेण्याच्या तंत्रावरच) बंदी आणली नाही. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या आवृत्त्या आजही टॉरेंटवरून, म्हणजे याच तंत्राने, राजरोस वाटल्या जातात. बीटामॅक्सचा नियमही न्यायालयाने मोडीत काढला नाही; त्याची व्याप्ती किती, यावर मात्र न्यायमूर्तींमध्येच मतभेद राहिले.