उबुंटूवर झाकण उघडल्यावर वायफाय गायब होतं, तर पॉवर सेव्हिंग कायमचं बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपचं झाकण लावून परत उघडलं की कधीकधी वायफायच दिसत नाही, रीस्टार्ट केल्याशिवाय येत नाही, आणि ऑफिसातले सीनियर म्हणतात, ‘पॉवर सेव्हिंग बंद करून टाक.’ नका करू. आधी त्यांना विचारा, कुठलं? कनेक्शन चालू असताना वायफायचा रेडिओ मधेमधे वीज वाचवतो ते एक. वापर नसलेलं उपकरण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, झोपवतो ते रनटाइम पीएम (पॉवर मॅनेजमेंट), ते दुसरं. झाकण लावल्यावर अख्खं मशीन झोपतं ते सस्पेंड, तिसरं. नेटवर्क मॅनेजरच्या (उबुंटूत वायफाय सांभाळणारा प्रोग्रॅम) फाइलमध्ये पॉवर सेव्हिंगचं ३ (चालू) बदलून २ (बंद) करा, असं जो तो सांगतो, ते फक्त पहिल्याचं औषध. तुमचं दुखणं तिसऱ्यातलं आहे. आणि त्यातला ‘कधीकधी’ हाच खरा धागा आहे.

महापे एमआयडीसीत मी ज्या कंपनीत होतो, तिथे कारखान्यांतल्या मोटारींची कंपनं मोजणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र बनायचं. आत उबुंटूसारखंच लिनक्स, बोर्ड आमचा, ड्रायव्हरही आमचाच. रबाळे-तुर्भ्याकडून तक्रार एकच: सकाळी फुल चार्ज केलेलं यंत्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान टाकतं. टीम लीडचं निदान तयार होतं. बॅटऱ्या हलक्या आल्यात, तोवर चिपचं पॉवर सेव्हिंग बंद करा. मग एकदा सर्व्हिसचा मुलगा ठाण्याहून लोकलने यंत्र घेऊन आला. झाकण लावलेलं, बॅगेत ठेवलेलं. चेन उघडून हात घातला तर खोका चांगलाच तापलेला. झोपलेलं यंत्र असं तापत नाही. म्हणजे ते झोपलंच नव्हतं.

लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदींत, सगळं होतं, फक्त कोणी उघडून पाहिलं नव्हतं. सस्पेंड सुरू झालं, आमच्या एडीसी चिपकडून (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप) -६ हा एरर कोड आला, आणि पुढच्या ओळीत सस्पेंड रद्द. -६ म्हणजे आयटूसी बसवर, चिपा जोडणाऱ्या तारांवर, त्या पत्त्यावरून कोणी ओ दिली नाही. देणार कशी? रीडिंगनंतर जरा वेळ गेला की रनटाइम पीएम त्या चिपचा पुरवठाच तोडायचं. मग कोणी झाकण लावलं की ड्रायव्हरचं सस्पेंड फंक्शन त्याच बंद चिपला ‘झोप’ म्हणून हुकूम सोडायचं. उत्तर नाही म्हणून एरर, आणि एका ड्रायव्हरने एरर दिली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अख्ख्या मशीनचं सस्पेंड मागे घेतो. आमच्या टेबलावर हे कधीच दिसलं नाही, कारण आम्ही रीडिंग घेतल्या घेतल्या झाकण लावायचो, चिप जागी असायची. सर्व्हिसचा मुलगा आधी वहीत नोंद करायचा, मग झाकण लावायचा.

लीडचं ऐकलं असतं तर तक्रार थांबली असती, हे खरं. पण ती चिप दिवसभर फुकट वीज खात राहिली असती, तीही बॅटरीवरच्या यंत्रात! मी आमचं सस्पेंड फंक्शन काढून त्या जागी कर्नलची तयार फोर्स-सस्पेंड आणि फोर्स-रिझ्यूम ही जोडी बसवली. उपकरण आधीच झोपलेलं असेल तर ती त्याच्या वाटेला जात नाही. दुखणं गेलं. लीडने रिलीज नोटमध्ये ‘बॅटरीविषयक सुधारणा’ एवढंच लिहिलं आणि शेवटपर्यंत बॅटरीलाच दोष देत राहिले. ते मला आजही पटलेलं नाही.

असे बग पुन्हापुन्हा सापडतात त्याला कारण आहे. रनटाइम पीएमची चौकट लिनक्समध्ये २.६.३२ ला, म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये आली. सस्पेंड त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. त्यामुळे कित्येक ड्रायव्हरांत दोन्हींचा विचार वेगवेगळा झालाय.

तुम्ही काय कराल? वायफाय गेलं की रीस्टार्टआधीच कर्नल लॉग जपून ठेवा. मग सिस फोल्डरच्या पॉवरमधल्या पीएम-टेस्ट फाइलमध्ये (/sys/power/pm_test) ‘डिव्हायसेस’ (devices) लिहून सस्पेंड करा. मशीन खरं झोपत नाही, फक्त उपकरणं झोपतात आणि ५ सेकंदांनी उठतात. त्यातही वायफाय गेलं तर संशय थेट ड्रायव्हरवर. नाही गेलं तर बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आहे का बघा. एकदा वायफाय वापरता वापरता झाकण लावा, एकदा बराच वेळ नुसतं ठेवून लावा. सीनियरांना हा फरक दाखवा, मग ते काय म्हणतात बघू.

एक मात्र सांगायला हवं. तुमचं वायफाय कार्ड पीसीआय एक्स्प्रेसवर (लॅपटॉपात कार्डं जोडायची बस) असणार, आणि तिथे सस्पेंडआधी झोपलेल्या उपकरणाला कर्नल बहुतेक वेळा स्वतःच उठवतो. त्यामुळे आमचाच बग तुमच्याकडे असेल असं नाही. लॉगमध्ये रजिस्टरच्या (कार्डातल्या छोट्या नोंदीच्या) किमतीत सगळे एफ (ffffffff) दिसले, तर कार्ड डी३ या गाढ झोपेच्या अवस्थेतून परतलंच नाही असं समजा. काम अडलं असेल तर ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून परत घाला, तात्पुरतं चालेल. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. नाहीतर कार्डाचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि लॉगच्या ओळी इथे टाका, मी बघतो.